विश्लेषण : रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी कोण होता? त्याने पेटवलेल्या आगीत कोण होरपळले?

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते आणि कासीम रझवी हे नाव पुन्हा एकदा कानावर पडते. हा माणूस हैदराबाद संस्थानचा मंत्री नव्हता, फौजेत नव्हता, पोलीस अधिकारीही नव्हता. लातूरच्या कोर्टात वकिली करणारा गृहस्थ होता. तरीही १९४७-४८ मध्ये निजामाच्या पंतप्रधानाने कुणाशी बोलावे आणि कोणत्या करारावर सही करावी, हे ठरवण्याइतकी ताकद त्याच्याकडे होती. ही ताकद रझाकार या हत्यारबंद स्वयंसेवक दलातून आली. दल सरकारी नव्हते, पण सरकारच्या डोळ्यांदेखत आणि सरकारच्या सोयीने वाढले. अशा दलाने काय केले आणि त्याचा हिशेब शेवटी कुणाकडून वसूल झाला, हे रझवीच्या आयुष्यातून नीट दिसते.

मोगलाई किती दूर होती?

वारूळवाडी-नारायणगावकडून आळेफाट्याला यावे, तिथून नगरचा रस्ता धरावा, नगर मागे टाकून शेवगावच्या बाजूने गोदावरी गाठावी. १९४८ पर्यंत नदीपलीकडचे पैठण दुसऱ्या राज्यात होते. तिकडे चलन वेगळे, हाली सिक्क्याचे. माल न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात भरायची. अलीकडच्या माणसांच्या बोलण्यात त्या सगळ्या मुलखाचे नाव होते मोगलाई. (जुन्नरकरांना निजाम म्हटले की मलिक अहमदची निजामशाही आठवते. ती १४९० ची आणि वेगळी. हैदराबादचा निजाम म्हणजे १७२४ पासूनचे आसफजाही घराणे.)

हे संस्थान देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. १६ जिल्हे आणि दीड कोटीहून जास्त लोकसंख्या. आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान. प्रजेत मुसलमान साधारण आठात एक, पण वरच्या नोकऱ्या, पोलीस आणि फौज यांत त्यांचेच प्राबल्य. १९४७ मध्ये इंग्रज जाणार हे ठरल्यावर या राज्याचे काय होणार, या प्रश्नाने वरपासून खालपर्यंत सगळ्यांना घेरले. रझवीचा उदय या भीतीतून झाला.

लातूरचा वकील पुढारी कसा झाला?

रझवीचे शिक्षण अलीगढ विद्यापीठातले. वकिली करण्यासाठी त्याने लातूर निवडले. लातूर तेव्हाही व्यापाराचे मोठे गाव होते. अडत, कापूस, तेलबिया यांची उलाढाल चाले आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. वकिलाला अशीलांची वाण नव्हती.

१९२७ मध्ये हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना निघाली होती. तिला खरे वजन आले ते बहादूर यार जंग यांच्यामुळे. ते जहागीरदार होते आणि वक्तृत्व असे की हजारोंची सभा तासन्‌तास खिळून राही. राज्याची सत्ता ही एकट्या निजामाची नसून संस्थानातल्या प्रत्येक मुसलमानाची आहे, निजाम तिचे केवळ प्रतीक आहे, असा विचार त्यांनी मांडला. टांगेवाल्यापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाला आपण राज्यकर्ते आहोत असे वाटू लागले. पोटाला पुरेसे नसलेल्या माणसाला हा विचार किती चढत असेल, याची कल्पना करता येते. रझवी याच सभांतून घडला. त्याने आपली मालमत्ता संघटनेला देऊन टाकली, असे सांगितले जाते.

जून १९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. संघटनेत मवाळ आणि जहाल अशी ओढाताण सुरू झाली आणि १९४६ च्या अखेरीस अध्यक्षपद रझवीकडे आले. दाढी, तुर्की टोपी, आग ओकणारे भाषण. गुरूकडे वक्तृत्वाबरोबर राजकारणाची समजही होती. शिष्याकडे पहिली गोष्ट भरपूर होती.

रझाकार : स्वयंसेवकापासून दहशतीपर्यंत

रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. १९३८ च्या सुमारास हे दल उभे राहिले तेव्हा त्याचे काम सभांचा बंदोबस्त, कवायत, मिरवणुका इतकेच होते. रझवीने त्याचे सैन्य करायला घेतले. गणवेश, शपथ, गावोगाव शाखा, लाठी-भाला-तलवारीचे शिक्षण. ठासणीच्या बंदुका मिळतील तिथून गोळा झाल्या, काहींच्या हाती रायफलीही आल्या. संख्येबद्दल दावे वेगवेगळे आहेत. दीड-दोन लाखांपर्यंतचे आकडे सांगितले जात. निजामाची पगारी फौज याच्या पासंगालाही पुरत नव्हती.

सरकारचे पाठबळ म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवे. रझाकारांच्या नेमणुकीचा हुकूम दरबारातून निघत नव्हता. पण ते गावात शिरले की पोलीस दुसरीकडे बघत. फिर्याद घ्यायला पाटील-पोलीस धजत नसत, कारण घेतली तर उलट फिर्यादीच आत जाई. पुढे इत्तेहादचे लोक थेट मंत्रिमंडळात बसले. दिल्लीहून विचारणा झाली की हे खासगी संघटनेचे काम असल्याचे सांगता येत होते. आणि दरारा हवा तेव्हा तीच संघटना हाताशी होती.

दलात सगळे एकाच तऱ्हेचे नव्हते. काही तरुण खरोखर धर्म आणि राज्य वाचवायला आले होते. काहींना रोजगार हवा होता. गावागावांत सावकारीच्या वसुलीवर जगणारे रोहिले, पठाण आणि अरब होतेच. त्यांना नवा गणवेश मिळाला. तेलंगणात कम्युनिस्टांच्या शेतकरी लढ्याने हैराण झालेले काही हिंदू देशमुखही रझाकारांना आपल्या गढीत उतरवून घेत. म्हणजे धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या दलाला जमीनदारांचे हितही सांभाळता येत होते. ही बाजू आपल्याकडच्या गोष्टींत सहसा येत नाही.

पंतप्रधानांच्या दाराशी

२७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट. निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे होते. भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरला होता. पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज कायदेशीर सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन हे त्यात होते. उजाडण्याआधीच इत्तेहादच्या हजारोंच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. राजधानीत, पंतप्रधानांच्या दारात हा प्रकार चालू असताना जमावाला हटवायला कुणी आले नाही. शिष्टमंडळ निघू शकले नाही.

निजामाने रझवीला बोलावून घेतले. करार मोडला तर दिल्लीकडून आणखी चांगल्या अटी मिळतील, असे रझवीचे म्हणणे होते. छत्तारी पायउतार झाले, शिष्टमंडळ बदलले आणि महिनाभराने, २९ नोव्हेंबरला, जवळपास तोच करार झाला. मिळाले काहीच नाही. पण राज्य कोण चालवते, हे त्या पहाटेनंतर सगळ्यांना कळले. नवे पंतप्रधान मीर लायक अली हे उद्योगपती, इत्तेहादला चालणारे.

त्यानंतर रझवीच्या भाषणांना धरबंद राहिला नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावू, बंगालचा उपसागर निजामाचे पाय धुईल, अशा अर्थाची त्याची वाक्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. काही भाषणांचा त्याने नंतर इन्कार केला. तोवर प्रत्येक भाषणाची खेड्यात कृती होत होती.

गावांत काय घडत होते?

या काळातील पहिल्या बळींपैकी एक गोविंदराव पानसरे. नांदेड जिल्ह्यातील बिलोली भागात काम करणाऱ्या या काँग्रेस कार्यकर्त्याची १९४६ मध्ये अर्जापूरजवळ हत्या झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याची मागणी लावून धरली, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले आणि चळवळ सरहद्दीकडे सरकली. सोलापूर, बार्शी, पाथर्डी, उमरखेड, चांदा अशा ठिकाणी कॅम्प उभे राहिले. तिथून कार्यकर्ते आत शिरत, करोडगिरी नाके जाळत, शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडवत. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा करण्यात आला.

याची परतफेड रझाकार ज्या गावावर संशय येई त्या गावाकडून घेत. ज्यांनी नाका जाळला ते सरहद्दीपार निघून गेलेले असत. घरात सापडत ते म्हातारे, बायका, पोरे आणि ज्याला पळता आले नाही तो. धान्याची कणगी, दागिने, गुरे लुटून नेणे, गंज्या पेटवणे, बायकांवर अत्याचार, पुरुषांना चावडीसमोर ओळीने उभे करून गोळ्या घालणे. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात मोठे हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये तेलंगणातील भैरानपल्लीत. २२ मे रोजी गाणगापूर स्थानकात मद्रास-मुंबई मेलवर हल्ला झाला. जुलैमध्ये सोलापूरजवळच्या नान्नजला भारतीय जवानांवरच गोळीबार झाला. हजारो कुटुंबे बैलगाडीत बिऱ्हाड टाकून सोलापूर, नगर, बुलढाण्याकडे आली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत अजूनही वर्षे सांगताना रझाकारीच्या आधी, रझाकारीनंतर अशी सांगतात.

विरोधात उभे राहिलेले मुसलमान

रझवी सगळ्या मुसलमानांच्या वतीने बोलत असल्याचा दावा करी. ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकारांचा निषेध करणारे आणि भारतात सामील व्हावे असे सुचवणारे संयुक्त निवेदन काढले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते छापले. धमक्या आधीपासूनच येत होत्या. २१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कचेरीतून घरी परतताना काचीगुड्यात त्यांना गाठून गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. घर तिथून हाकेच्या अंतरावर होते.

या हत्येनंतर बोलणारे मुसलमान गप्प झाले. दलाची भीती त्यांनाही होती, आणि दलाच्या कृत्यांची जबाबदारी मात्र पुढे त्यांच्याच माथी येणार होती.

पाच दिवस

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गवर आणि इतर दिशांनीही आत घुसले. दुसरी मोठी तुकडी विजयवाड्याकडून आली. लाल किल्ल्याच्या बाता मारणाऱ्या दलापुढे रणगाडे आले तेव्हा भाले आणि ठासणीच्या बंदुका घेतलेली पोरे ठिकठिकाणी पुढे केली गेली. सरकारी नोंदीनुसार तेराशेहून अधिक रझाकार मारले गेले. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. रझवी लगेचच पकडला गेला.

निजामाने सगळा दोष रझवी आणि लायक अली यांच्यावर ढकलला. जानेवारी १९५० पासून तो हैदराबादचा राजप्रमुख झाला. लायक अली नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये ते तिथून निसटून पाकिस्तानात पोहोचले. ज्या राजाच्या गादीसाठी गावे जाळली गेली, तो गादीऐवजी खुर्चीवर का होईना, बसलेलाच राहिला.

लातूरमधले वीस दिवस

शाळेच्या पुस्तकात गोष्ट १७ सप्टेंबरला संपते. पण पुढच्या काही आठवड्यांत रझाकारांचा सूड संस्थानातल्या सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. रझाकारांत असलेले बरेच जण आधीच पळाले होते. सापडले ते विणकर, खाटीक, भाजीवाले, मजूर, पेढीवरचे शेठ.

तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्यावर पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते १६ पैकी ९ जिल्हे फिरले. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच किमान १८ हजार. सरहद्दीपलीकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचा, आणि काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही लूटमारीत हात असल्याचे त्यांनी नोंदवले. शेजाऱ्याला घरात लपवणारे आणि त्यासाठी जीव देणारे हिंदूही त्यांना आढळले. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता आणि तो प्रसिद्ध झाला नाही.

या अहवालात लातूरचा वेगळा उल्लेख आहे. रझवीचे गाव म्हणून. तिथे वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालू होत्या. दहाएक हजार मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार गावात दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते. कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. ज्यांच्या रक्षणासाठी दल उभे केल्याचे रझवी सांगत होता, त्यांची ही गत झाली तेव्हा तो सरकारी पहाऱ्यात सुरक्षित होता.

हा अहवाल रझाकारांच्या गुन्ह्यांवर पांघरूण घालायला वापरण्याचाही प्रयत्न होतो. त्यात अर्थ नाही. गोरट्याचे मेलेले आणि लातूरचे मेलेले, दोन्हीकडे हातात हत्यार नसलेलीच माणसे होती.

खटला कशाचा झाला?

रझवीवर अनेक प्रकरणे लादता आली असती. उभी राहिली ती मुख्यतः दोन. शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या प्रकरणात तो शेवटी सुटला. शिक्षा टिकली ती नलगोंडा जिल्ह्यातील बीबीनगर येथील जानेवारी १९४८ मधल्या दरोड्याची. सात वर्षे. ज्याच्या नावाने गावेच्या गावे ओस पडली, त्याला कायद्याने धरले ते एका गावच्या दरोड्यावर! हत्या करणारा आणि हुकूम देणारा यांच्यातला धागा कोर्टात सिद्ध करणे किती अवघड असते, ते यातून कळते. अशी दले नेमकी त्यासाठीच सरकारबाहेर ठेवलेली असतात. हुकमाचा कागद कुठेच नसतो.

रझवी वकील होता. त्याने खटला सर्वोच्च न्यायालयात नेला आणि आधार घेतला तो भारताच्या राज्यघटनेतील कलम १४ चा, कायद्यापुढील समानतेचा. विशेष न्यायाधिकरणाची वेगळी कार्यपद्धती घटना लागू झाल्यानंतर चालवणे बेकायदा, असा त्याचा मुद्दा होता. जानेवारी १९५३ मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला, पण पाच न्यायाधीश एकमताचे नव्हते. तीन विरुद्ध दोन. ज्या देशाचे राज्य त्याने नाकारले, त्या देशाच्या कोर्टात त्याचा मुद्दा दोन न्यायाधीशांना पटला होता.

शब्द आणि पद्धत पुढे चालू राहिली

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी राजवटीने बंगाली बंडखोरांविरुद्ध स्थानिक मदतनीसांचे दल उभे केले. त्याचे नाव होते रझाकार. फरक इतकाच की तिथे त्यासाठी रीतसर वटहुकूम निघाला. बांगलादेशात आजही कुणाला रझाकार म्हणणे ही सर्वांत मोठी शिवी आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाने माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. गावे रिकामी झाली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना असे विशेष पोलीस म्हणून वापरणे घटनाबाह्य ठरवले. कारणे वेगळी, शत्रू वेगळा. पण कमी पगारात, कमी शिक्षणाच्या पोरांना पुढे करून सरकारने मागे राहायचे, हे तसेच.

येरवडा ते कराची

रझवीच्या शिक्षेचा शेवटचा काळ पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेला. तो कैदेत असतानाच १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सुटला तो पाकिस्तानात निघून जाण्याच्या अटीवर. मधल्या मुक्कामात हैदराबादला त्याने उरलेल्या मोजक्या माणसांना जमवले आणि बंद पडलेल्या मजलिसची सूत्रे अब्दुल वाहेद ओवेसी या वकिलाच्या हाती दिली. त्यांनी पुढे नवी घटना करून तिला निवडणुकीच्या राजकारणात आणले.

कराचीत त्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. तिथल्या राजकारणाला हैदराबादचा हा माणूस नको होता. जानेवारी १९७० मध्ये तो तिथेच वारला. सुंदरलाल मंडळाचा अहवाल तोवर सरकारी कपाटातच होता. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सगळ्यांना पाहायला मिळू लागला २०१३ मध्ये, लातूरच्या त्या वीस दिवसांनंतर ६५ वर्षांनी.